टोनी हँकॉकची वजाबाकी

ऑक्टोबर १९६१. बीबीसीवरची त्याची नवी मालिका उन्हाळ्यात संपली होती आणि तिचं कौतुक अजून चालू होतं. टोनी हँकॉक सदतीस वर्षांचा होता आणि ब्रिटनमध्ये त्याच्या तोडीचा विनोदी नट त्या घडीला दूरदर्शनवर दुसरा नव्हता. त्याच महिन्यात त्याने आपले दोन्ही लेखक, रे गाल्टन आणि अ‍ॅलन सिम्पसन, यांना सांगितलं की यापुढे आपलं एकत्र काम नाही. दोघं बरेच महिने एक पैसा न घेता त्याच्या पुढच्या सिनेमाच्या संहिता लिहीत होते. एक नाही आवडली म्हणून दुसरी, दुसरी नाही म्हणून तिसरी. तिन्ही परत आल्या. त्यांच्याबरोबर त्यांची एजंट बेरिल व्हर्च्यू हिलाही त्याने निरोप दिला.

सात वर्षांनी, जून १९६८मध्ये, हँकॉकने सिडनीत आत्महत्या केली. वय ४४.

या दोन तारखांमध्ये सरळ रेघ ओढायची सवय ब्रिटिश वृत्तपत्रांना तेव्हापासून लागली आहे: डोक्यात हवा गेली, लेखकांना हाकललं, दारूत बुडाला, संपला. नटांच्या गर्वहरणाच्या गोष्टी आपल्यालाही आवडतात, म्हणून ही मांडणी चटकन पटते. मला ती पटत नाही. निदान अर्धी नाही. कारण माणसं कमी करत जायचं हे हँकॉकचं तंत्र १९६१च्या आधी सात वर्षं अफाट यशस्वी ठरलं होतं. प्रकरण तपासायचं तर प्रश्न असा विचारायला हवा: तेच तंत्र शेवटच्या वेळी का उलटलं?

मुळात होतं काय

हँकॉकचा जन्म १२ मे १९२४चा, बर्मिंगहॅममधल्या हॉल ग्रीनचा. पण तो वाढला बोर्नमथला, समुद्रकाठच्या सुट्टीच्या गावात. वडील हॉटेल चालवायचे आणि हौसेने रंगमंचावर विनोदी कार्यक्रमही करायचे. तो लहान असतानाच ते गेले. पंधराव्या वर्षी शाळा सुटली, युद्धात हवाई दलाच्या रेजिमेंटमध्ये भरती, तिथेच सैनिकांच्या करमणूक मंडळात कामं, युद्धानंतर लंडनच्या विंडमिल थिएटरमध्ये उमेदवारी. विंडमिलला लोक नग्न मुली बघायला यायचे आणि मधल्या वेळात विनोदी नटांनी त्यांना सहन करायचं, किंवा त्यांनी नटांना. त्या पिढीचे कितीतरी ब्रिटिश विनोदवीर याच भट्टीतून निघाले.

गाल्टन आणि सिम्पसन यांची ओळख झाली ती सरे परगण्यातल्या मिलफर्डच्या क्षयरोग्यांच्या इस्पितळात. दोघंही पोरसवदा, दोघंही महिनोन्‌महिने खाटेवर, करमणुकीला रेडिओ. तिथल्या रुग्णांसाठी लिहिता लिहिता ते बीबीसीपर्यंत पोहोचले. २ नोव्हेंबर १९५४ला ‘हँकॉक्स हाफ अवर’ रेडिओवर सुरू झालं तेव्हा दोघं पंचविशीच्या आसपासचे होते.

सुरुवातीला वॉली स्टॉटने बांधलेली ट्युबाची धून वाजायची, अंगाने जड माणूस दमत दमत जिना चढतोय असं वाटावं अशी. मग हँकॉक स्वतःच धापा टाकत, अडखळत कार्यक्रमाचं नाव उच्चारायचा. पात्राचं नावही हँकॉकच: अँथनी अलॉयशियस सेंट जॉन हँकॉक. पत्ता २३, रेल्वे कटिंग्ज, ईस्ट चीम. चीम हे लंडनच्या दक्षिणेचं खरंखुरं, खाऊनपिऊन सुखी उपनगर. ईस्ट चीम मात्र लेखकांनी बसवलेलं, म्हणजे रुळांच्या बाजूचं, कळकट. आणि त्या घरात राहणारा हा गृहस्थ अस्त्राखान कॉलरचा कोट आणि होमबर्ग हॅट घालून स्वतःला विचारवंत समजणारा. मांसाचं रेशनिंग त्याच वर्षीच्या जुलैत उठलं होतं. युद्ध जिंकलेल्या देशाला आपण मोठे आहोत असं सांगितलं जात होतं आणि घरात मात्र रविवारी दुपारी करायला काही नव्हतं. हँकॉकच्या फुशारकीत आणि कुरकुरीत लोकांना स्वतःचं घर ऐकू आलं.

पहिल्या फेऱ्यांची वजाबाकी

रेडिओवर त्याच्याभोवती भक्कम मंडळी होती. दक्षिण आफ्रिकेतून आलेला सिड जेम्स हा लफंगा मित्र, ऑस्ट्रेलियन वळणाचा बिल कर हा भोळसट भाडेकरू, पुढे हॅटी जॅक्स ही सेक्रेटरी, आणि दर भागात वेगळ्या वेषात, पण त्याच चिरक्या, लाडिक आवाजात येणारा केनेथ विल्यम्स. विल्यम्सचं ‘स्टॉप मेसिंग अबाउट’ हे पालुपद आलं की सभागृहात हशा ठरलेला.

हँकॉकला नेमकं तेच खटकत होतं. ठरलेला हशा. पालुपदावर लोक हसतात ते ओळखीमुळे, विनोदामुळे नव्हे, असं त्याचं म्हणणं. त्याला चमत्कारिक आवाज नको होते, ओढूनताणून आणलेली पात्रं नको होती. खरी माणसं, खऱ्या अडचणी हव्या होत्या. विल्यम्सचं काम कमी कमी होत गेलं आणि तो बाहेर पडला. विल्यम्सच्या चाहत्यांना हे रुचणार नाही, पण हँकॉकचं बरोबर होतं. आज ते भाग ऐकताना त्या चिरक्या आवाजाची वेळ झाली की गोष्ट थांबते.

याच काळातला १९५८चा एक भाग आहे, रविवारच्या दुपारचा. बाहेर पाऊस, घरात चार माणसं, पेपर वाचून झालेला. काही घडत नाही. हँकॉक उसासा टाकतो. मध्ये शांतता. कुणीतरी वेळ विचारतं. पुन्हा उसासा. रेडिओवर शांतता म्हणजे यंत्र बिघडलं असं समजायचा तो जमाना, आणि इथे विनोद त्या रिकाम्या जागांवरच उभा. हा धीर नटाचा आहे यात वाद नाही. पण त्या जागा आधी कागदावर ठेवल्या होत्या लेखकांनी.

१९५६पासून कार्यक्रम दूरदर्शनवरही गेला आणि तिथे आणखी एक गोष्ट लक्षात आली: या माणसाचा चेहरा. दिग्दर्शक-निर्माता डंकन वुडने १९५९पासून सलग थेट प्रक्षेपणाऐवजी तुकड्यातुकड्यांनी ध्वनिचित्रमुद्रण सुरू केलं. ते तेव्हा महागडं आणि किचकट प्रकरण होतं, पण त्यामुळे समोरच्याचं वाक्य संपलं की कॅमेरा हँकॉकवर येऊन थांबू लागला. अपमान झाला आहे हे कळायला त्या चेहऱ्याला दीड क्षण लागतो, कळल्यावर तो न कळल्यासारखं दाखवतो, आणि मग ते दाखवणंही जमत नाही. एवढं सगळं एका शॉटमध्ये, एकही शब्द न बोलता. असा चेहरा मिळाल्यावर शब्द आपोआप कमी होतात.

मग सिड जेम्सची पाळी आली. १९६०पर्यंत दोघांची जोडी घरोघरी पोचली होती आणि हँकॉकला भीती वाटू लागली की लोक आपल्याला जोडीतला अर्धा भाग समजणार. सिडला हे लागलं. दोघांमध्ये खरी मैत्री होती. (बीबीसीने सिडला लगेच त्याची स्वतंत्र मालिका दिली आणि तिचे पहिले भाग लिहिले कुणी? गाल्टन आणि सिम्पसननीच.) प्रेक्षकांनी नाकं मुरडली, आता हँकॉकचं काही खरं नाही म्हणाले.

आणि १९६१ची मालिका आली. नुसतं ‘हँकॉक’ नाव. ईस्ट चीम सुटलं, पात्र लंडनच्या अर्ल्स कोर्टमधल्या भाड्याच्या एका खोलीत आलं. पहिल्याच भागात, ‘द बेडसिटर’मध्ये, पंचवीस मिनिटं पडद्यावर हँकॉक एकटा. दुसरं माणूस नाही. सिगारेटच्या धुराची वलयं काढायला जातो आणि ओठ भाजून घेतो. भाजलेल्या ओठाला काय लावावं यावर विचार. बर्ट्रंड रसेलचं जाडजूड पुस्तक उघडतो, पहिल्या वाक्याला शब्दकोश काढतो, शब्दकोशातला अर्थ कळायला पुन्हा शब्दकोश. चुकीचा फोन लागतो आणि एका मुलीचं पार्टीचं आमंत्रण मिळतं. मग तयारी, मग तेही फिसकटतं. रात्री तो जिथे सुरुवातीला होता तिथेच. ज्यांना ‘एकटा सोडा मला’ असं नटाने सांगितलं होतं, त्या लेखकांनी त्याचा शब्द अगदी अक्षरशः घेतला होता.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाची कळ इथे आहे. दर वेळी वगळायची मागणी हँकॉकची होती, पण वगळल्यावर राहिलेल्या पोकळीत काय ठेवायचं हे काम दोघा लेखकांचं होतं, आणि ते काम ते इतकं बेमालूम करत की पोकळी होती हेच कुणाला दिसत नसे. हँकॉकलाही नाही.

१९५५चा किस्सा बघा. रेडिओची दुसरी फेरी तोंडावर आलेली आणि नट गायब. रंगमंचावरच्या कामाचा ताण असह्य होऊन तो थेट इटलीला निघून गेला होता. पहिले तीन भाग हॅरी सीकोंब या दुसऱ्या विनोदी नटाने निभावले. हँकॉक परतल्यावर लेखकांनी काय केलं? चौथ्या भागात पात्र सीकोंबचे आभार मानायला वेल्सला जातं. संकट आलं आणि आठवडाभरात त्याचं कथानक झालं. असे लेखक मिळाले की माणसाला वाटू लागतं, आपल्या आयुष्यात जे काही घडतं ते आपोआपच विनोदी असतं.

त्या सुमारास नेमकं काय जमून आलं

तीन गोष्टी पाठोपाठ आल्या.

फेब्रुवारी १९६०मध्ये जॉन फ्रीमनने ‘फेस टू फेस’ या बीबीसीच्या मुलाखतींच्या कार्यक्रमात त्याची मुलाखत घेतली. कॅमेरा पाहुण्याच्या चेहऱ्यावर जवळ, प्रश्नकर्ता जवळजवळ दिसतच नाही, आणि प्रश्न सरळ मर्माला: तुम्ही सुखी आहात का, तुम्हाला कसली भीती वाटते. हँकॉक प्रामाणिकपणे, घाम पुसत उत्तरं देतो. त्याचा भाऊ रॉजर पुढे म्हणत असे की टोनीची सर्वांत मोठी चूक ही मुलाखत. तिथून तो स्वतःला चिरून बघू लागला. भावाचं दुःख समजतं, पण स्वतःविषयी शंका घेणं त्याने फ्रीमनकडून शिकलं नाही. ती त्याच्याकडे आधीपासून होती, पाच वर्षांपूर्वीच्या इटलीच्या पलायनातही होती. फ्रीमनने फक्त तिला प्रतिष्ठा दिली.

दुसरी गोष्ट ‘द रिबेल’. गाल्टन-सिम्पसननीच लिहिलेला हा सिनेमा १९६१मध्ये आला: कचेरीतला कारकून नोकरी सोडून पॅरिसला जाऊन चित्रकार होतो, अंगी कला नसताना. ब्रिटनमध्ये तो चालला. अमेरिकेत नाव बदलून लावला आणि न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी झोडपला. हँकॉकने याचा अर्थ लावला की आपला विनोद फार स्थानिक आहे. चहाचे कप, बसस्टॉप, उपनगरी खिडक्या हे सगळं टाकून जगात कुठेही कळेल असं काही करायला हवं. त्यामुळे पुढच्या सिनेमासाठी लेखकांनी आणलेलं काहीही त्याला ‘तेच ते’ वाटू लागलं. परत गेलेल्या संहितांपैकी एक तर बस कंडक्टरच्या सुट्टीच्या दिवसावर होती. म्हणजे नेमकं तेच, ज्यापासून त्याला पळायचं होतं.

तिसरी गोष्ट लोक अपघात म्हणून सोडून देतात, मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. १९६१च्याच मालिकेच्या मध्यावर, चित्रीकरणाहून घरी जाताना त्याच्या गाडीला अपघात झाला. गाडी पत्नी सिसिली चालवत होती. हँकॉकचं डोकं काचेवर आदळलं, डोळ्यांभोवती काळंनिळं झालं. पुढचा भाग तोंडावर, पाठांतराला वेळ नाही, म्हणून वुडने सेटवर संवाद दिसतील असे टेलिप्रॉम्प्टर लावले. तो भाग म्हणजे ‘द ब्लड डोनर’, त्याच्या सगळ्या कामांत सर्वाधिक गाजलेला. रक्तदानाला गेलेला हँकॉक, बोट टोचून थेंबभर घेतलं की संपलं असं समजून उठतो; पिंटभर, म्हणजे साधारण अर्धा लिटर, द्यायचंय कळल्यावर तेवढ्यात जवळजवळ हात रिकामा होईल म्हणून हादरतो; आपला रक्तगट दुर्मीळ असल्याचं ऐकून मात्र छाती फुगवतो. शेवटी पावाच्या सुरीने हात कापून घेऊन इस्पितळात पोहोचतो आणि त्याचंच रक्त त्याला परत चढवतात.

हा भाग पुन्हा बघा आणि फक्त डोळ्यांकडे लक्ष द्या. जून व्हिटफील्डच्या नर्सशी, पॅट्रिक कारगिलच्या डॉक्टरशी बोलताना त्याची नजर मधूनमधून त्यांच्यावर नसतेच. ती जराशी बाजूला, पाटीवरच्या अक्षरांवर असते. प्रेक्षकांना ते कळलं नाही, हशा पडायचा तिथे पडला. आणि हँकॉकने धडा घेतला की पाठ केल्यावाचूनही चालतं. त्यानंतर तो पाठांतराकडे परतला असा नाही. तालमीत समोरच्या नटाचं वाक्य ऐकून चेहऱ्यावर जे उमटायचं, ज्याच्यासाठी वुडने मुद्रणाची पद्धत बदलली होती, ते ऐकणंच आता सुटत चाललं. वजाबाकी आता त्याच्या स्वतःच्या कारागिरीतून सुरू झाली होती, आणि यश एवढं होतं की कुणी हटकलं नाही.

दारू होतीच. ती नाकारायचं कारण नाही. पुढच्या वर्षांत तिनेच काम, दोन संसार आणि शरीर खाल्लं. पण दारूवर सगळं ढकललं की ऑक्टोबरचा निर्णय समजत नाही. तो नशेत घेतलेला नव्हता. तो शुद्धीत, कलाविषयक कारणं देऊन घेतला होता आणि कारणं अगदीच चुकीची नव्हती.

कोणाचं काय झालं

लेखक रिकामे झाले तसे बीबीसीच्या करमणूक विभागाच्या टॉम स्लोनने त्यांना बोलावलं: दहा सुटे, एकमेकांशी संबंध नसलेले भाग लिहा, नट तुम्हाला हवे ते घ्या. जानेवारी १९६२मध्ये त्यांतला एक आला, ‘द ऑफर’. भंगारवाले बापलेक, एक घोडागाडी, घरभर सामान आणि मुलाची घर सोडून जायची धडपड. त्यांनी विनोदवीर न घेता रंगभूमीवरचे नट घेतले: विल्फ्रिड ब्रॅम्बेल आणि हॅरी एच. कॉर्बेट. त्यातून ‘स्टेप्टो अँड सन’ ही मालिका झाली आणि १९७४पर्यंत येत राहिली. १९६४च्या निवडणुकीत मतदानाच्या दिवशी ती संध्याकाळी लागणार होती, तेव्हा मजूर पक्षाच्या हॅरल्ड विल्सनने बीबीसीकडे ती पुढे ढकलण्याची गळ घातली. आपले मतदार घरीच बसतील ही धास्ती. बीबीसीने ऐकलं.

हँकॉकने कवी-पत्रकार फिलिप ओक्सच्या साथीने ‘द पंच अँड ज्युडी मॅन’ लिहिला, १९६३चा. समुद्रकाठच्या गावातला कळसूत्री बाहुल्यांचा खेळवाला आणि त्याची प्रतिष्ठेला हपापलेली बायको. चित्रीकरण बॉग्नर रीजिसला, म्हणजे हँकॉकच्या बालपणासारख्याच एका गावात. सिनेमा पडला. गती मंद, सूर उदास. पण त्यात एक प्रसंग आहे: पावसातून आत आलेला हँकॉक आणि एक शाळकरी पोरगा आइस्क्रीमच्या दुकानात शेजारी बसतात. पुढ्यात उंच पेल्यातली भलीमोठी आइस्क्रीमं. मुलगा ते खायचं शास्त्र जाणतो, हँकॉक जाणत नाही. तो तिरक्या नजरेने मुलाचा चमचा बघतो आणि जसंच्या तसं करत जातो. संवाद जवळजवळ नाही. कुठल्याही देशात कळेल असा विनोद त्याला हवा होता ना? तो त्याच्या हाती होता. फक्त तेवढाच. त्याच्या आधी आणि नंतर काय यायला हवं हे सांगणारं कुणी जवळ नव्हतं.

त्याच वर्षी त्याने एटीव्ही या खाजगी दूरदर्शन कंपनीसाठी तेरा भागांची मालिका केली, लेखक बदलत बदलत. तिकडे त्याच हंगामात बीबीसीवर ‘स्टेप्टो’ची दुसरी फेरी चालू. तुलना कोणी टाळणार नव्हतं.

त्याच सुमाराचा एक मजेशीर उपप्रसंग. टेरी नेशन नावाचा लेखक हँकॉकच्या रंगमंचीय दौऱ्यासाठी लिहीत होता. त्याला ‘डॉक्टर हू’ या नव्या मुलांच्या मालिकेचं काम आलं होतं, ते त्याने आधी नाकारलं. मग हँकॉकशी बिनसलं आणि नाइलाजाने होकार दिला. त्यातून डालेक हे त्या मालिकेतले गाजलेले खलनायक जन्माला आले आणि नेशनचं आयुष्यभराचं भलं झालं. हँकॉकपासून सुटलेल्या लेखकांची भरभराट व्हायची, असा एक वाह्यात नियमच काढता येईल.

पुढचं भराभर सांगण्यासारखंच आहे. छोट्या सिनेभूमिका, १९६६ला रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये एकपात्री कार्यक्रम, ज्यात बरंचसं जुनंच. मोडलेलं पहिलं लग्न, मग दुसरंही. १९६८मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सेव्हन नेटवर्कने तेरा भागांसाठी बोलावलं. तीन पूर्ण झाले. त्याच्या अस्थी विनोदी नट विली रश्टनने विमानातून इंग्लंडला आणल्या.

मग चूक कोणाची? निर्णय हँकॉकचा, हे तर आहेच. पण मला बीबीसीचंही नवल वाटतं. त्या संस्थेने लेखकांना दहा भाग आणि मोकळा हात दिला, तो हँकॉकशी फाटल्यावर. तोच मोकळा हात वर्षभर आधी तिघांना मिळून दिला असता, सिनेमाचं खूळ वर्षभर लांबवून सुटे भाग करायला लावले असते, तर नटाला नवीन पात्रं मिळाली असती आणि लेखकांनाही ईस्ट चीममधून सुटका. दोन्ही बाजूंना जे हवं होतं ते एकच होतं. ते एका टेबलावर आणायचं काम निर्मात्याचं, आणि त्या क्षणी त्या खुर्चीत कोणी नव्हतं, कारण सिनेमाचा निर्माता वेगळा आणि मालिकेचा वेगळा.

लेखकांची संहिता हँकॉकविना किती उभी राहते, याचीही पुढे चाचणी झाली. १९९६-९७मध्ये विनोदवीर पॉल मर्टनने आयटीव्ही या खाजगी वाहिनीवर गाल्टन-सिम्पसनच्या संहिता नव्याने केल्या, त्यांत हँकॉकच्याही काही होत्या. मर्टन हुशार, हजरजबाबी माणूस; त्याने नक्कल टाळून स्वतःच्या पद्धतीने काम केलं आणि स्वागत कोमटच झालं. २०१४पासून बीबीसी रेडिओ ४ने, ज्यांच्या ध्वनिफिती उरल्या नाहीत असे जुने रेडिओ-भाग नट केव्हिन मॅकनॅलीकडून करून घेतले. मॅकनॅलीने हँकॉकचा आवाज, उसासे, अडखळणं सगळं उचललं, आणि ते भाग रंगले. म्हणजे ती वाक्यं त्या आवाजासाठीच बेतलेली होती, दुसऱ्या कुणाच्या मापाची नव्हती.

कोणाला हे स्वतः तपासून बघायचं असेल तर आधी ‘द बेडसिटर’ बघा, मग नजरेवर लक्ष ठेवून ‘द ब्लड डोनर’, मग ‘पंच अँड ज्युडी मॅन’मधला आइस्क्रीमचा प्रसंग. एटीव्हीची मालिका मिळाली तर शेवटी ठेवा. एखादा भाग पुरे होतो.